शकूताईंचा शेवटचा रकाना

शकूताई, परवा आपल्या हॉस्पिटलच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली आणि माईक हातात आल्यावर मी धडधडीत खोटं बोलले. म्हटलं, ताईंनी आम्हाला शिस्त लावली, ताई आम्हाला आईच्या ठिकाणी होत्या, त्यांचं काम आम्ही पुढे नेऊ. सगळ्यांनी माना हलवल्या. मेट्रननी डोळे पुसले. तुमच्या फोटोला कुणीतरी झेंडूचा इतका जाड हार घातला होता की तुमची हनुवटीच दिसत नव्हती. तुम्ही तिथे असतात तर आधी तो हार बाजूला सारला असता, आणि मग मला विचारलं असतं, "काऊन वं रंजे, पाठ करून आल्ती का?" हो ताई, पाठ करूनच आले होते. खरं बोलायला गेले असते तर तिथेच उभ्या उभ्या हंबरडा फोडला असता.

खरं एवढंच आहे की तुमच्या कागदावर, शेवटच्या रकान्यात, मी केलेली खूण खोटी आहे. ज्यांना आधी सांगायला हवं होतं त्यांना काल सांगून आले. आता तुम्हाला सांगते. तुम्ही ऐकताय की नाही मला माहीत नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अकरा वर्षं मी तुमच्या हाताखाली काढली. पहिल्याच आठवड्यात मी एका पेशंटचं टेंपरेचर चुकीचं लिहिलं आणि घाबरून ते गिरवून गिरवून काळं केलं. तुम्ही तो चार्ट माझ्यासमोर धरलात. वाटलं, आता बाई मला सगळ्यांदेखत धुणार. तुम्ही पेन मागितलंत आणि बाजूला एक आकडा लिहून त्याच्यावर एक सरळ रेघ मारलीत. "हे पाह्य. चुकलं तं एकच रेघ माराची. खालचं वाचता आलं पाह्यजे. बाजूले खरं लिहाचं, सही कराची, तारीख टाकाची. आपली चूक लपवाची नाई, मानसायच्या जिवाचा सवाल हाये." मी मान हलवली. मनात म्हटलं, सुटले एकदाची.

आणि कागदाची सुरुवात आठवते ना? अल्लीपूरच्या त्या दोन जावा! एकीच्या पाठीवर गाठ, दुसरीच्या दंडावर. दोघींनी ठरवून एकाच दिवशी ऑपरेशन करून घेतलं, म्हणजे घरच्यांची एकच खेप. आपला तो आठ खाटांचा वॉर्ड, सकाळी उपाशी यायचं, दुपारपर्यंत ऑपरेशन, संध्याकाळी घरी. थोरली माझ्या वाट्याला आली, धाकटी तुमच्या. मी थोरलीला सांगितलं, आठ दिवस अंगाला पाणी लावायचं नाही. तुम्ही धाकटीला सांगितलंत, परवापासून आंघोळ कर, फक्त पट्टी झाकून घे. दोघी एसटीत शेजारी शेजारी बसल्या आणि गाव येईस्तोवर एकमेकींचा सगळा सल्ला जुळवून झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी वॉर्डाच्या दारात हजर. थोरली कमरेवर हात ठेवून, "मले आठ दिवस पारोशी ठेवता अन् हिले आंघोळ? माही गाठ का घानेरडी होती? का हिची कोनी वळख हाये इथं?"

तुम्ही चादरींच्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून हसलात. मीही हसले. पण मग चहाच्या वेळी तुमचा चेहरा उतरला. म्हणालात, "रंजे, पेशंट आपल्याजवळ दोन-चार दिवस राह्यला तं आपल्या डोयापुढं राहते. चुकलं तं दुरुस्त करता येते. हे लोकं तं चार वाजता घरी जाते. त्यायच्याजवळ काय राहते? आपन जे सांगतलं तेवढंच. अन् आपन दोघी दोन सांगून राह्यलो." मला ते लागलं. कारण खरंच तोवर आपल्याकडे जी सिस्टर ड्युटीवर तिचा कायदा. एक सिस्टर पेशंट चालायला लागला की सोडायची, दुसरी लघवी होईस्तोवर बसवून ठेवायची, आणि तिसरी तर, मी नाव घेत नाही, एसटीची वेळ बघून सोडायची.

मग आपण तो कागद करायला बसलो. डे केअरच्या प्रत्येक पेशंटला एकच कागद, प्रत्येक सिस्टरने तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे. लिहायचं काम माझं, कारण तुमचं म्हणणं, तुमचं अक्षर डॉक्टरांच्या वळणावर गेलं होतं. किती दुपारी आपण त्या कोपऱ्यातल्या टेबलावर घालवल्या! मी लिहिलं होतं, "रुग्ण उपाशी आहे का?" तुम्ही तो प्रश्न उडवलात. "असं इचारलं तं सगळे हो म्हनते. चहाले कोनी खानं समजत नाई अन् खर्ऱ्याले तं नाईच नाई." तुम्ही लिहायला लावलंत, "आज उठल्यापासून तोंडात काय काय टाकलं?" आणि पहिल्याच दिवशी एका आजोबांनी गालातला सुपारी-तंबाखूचा खर्रा दाखवून सांगितलं, "काईच नाई जी, सकायपासून हाच एक चालू हाये." भूलवाले डॉक्टर डोक्याला हात लावून बसले.

"घरी कसे जाणार?" हा प्रश्नही तुमचाच. हर्नियाचा तो तरणाबांड गडी टाके घेऊन स्वतःच मोटारसायकल चालवत निघाला होता. तुम्ही पायऱ्यांवरून धावत गेलात आणि त्याची किल्ली काढून आपल्या ॲप्रनच्या खिशात टाकलीत. तेव्हापासून कागदावर ओळ आली, गाडीची किल्ली टेबलावर जमा. मी म्हटलं होतं, ताई, हे काय नर्सिंग झालं का? तुम्ही म्हणालात, "नाई तं काय झालं मंग?"

असा तो कागद एकेका फजितीतून वाढत गेला. आणि शेवटी त्या रकान्यावर येऊन आपण भांडलो.

त्या भांडणाचं मूळ समुद्रपूरची बाई. माझ्याच गावची. बेंबीजवळच्या हर्नियाचं ऑपरेशन करून संध्याकाळी घरी गेली. दुसऱ्या दिवशी फोन करायचा असं कागदात होतं, मी केला. नवऱ्याने उचलला. "बरी हाये जी, सैपाक करून राह्यली." मी लिहिलं, बरी. पाचव्या दिवशी ती आली तेव्हा टाक्यांमधून पू येत होता आणि अंग तापाने फणफणलेलं. तुम्ही तिला विचारलंत, सांगितलं काऊन नाई? ती म्हणाली, "मले कोनी इचारलंच नाई." नवरा बिचारा बाजूला उभा. खोटं बोललाच नव्हता तो. बाई चुलीपाशी उभी आहे म्हणजे बरी आहे, हे आपल्याकडे सगळ्याच घरांत मोजमाप आहे. माझ्या आईचंही तसंच मोजायचे, माझंही तसंच मोजतात.

ती वाचली. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी कागद समोर घेतलात आणि म्हणालात, एक रकाना अजून टाक. फोनवर पेशंटचा स्वतःचा आवाज ऐकायचा, आणि तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं.

मी उसळले. खरं सांगते, त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. सात-आठ फोन, त्यात निम्मे फोन शेतातल्या माणसाकडे, पेशंट घरी. मग तासाभराने परत लावा, मग परत लावा. वर वाक्य लिहा! मी म्हटलं, "ताई, आपण सगळं एकसारखं करायला निघालो ना? मग प्रत्येकीचं वेगळं वाक्य लिहिलं तर एकसारखं काय राहिलं? आणि कागदावर जागा तरी कुठे आहे?"

तुम्ही म्हणालात, "इचारनं एकसारखं वं. उत्तर कसं एकसारखं राहीन?"

"उत्तरं मोजता आली पाहिजेत."

"मोजाले नाई इचारत मी. ऐकाले इचारतो."

मी चिडून उठले. तीन दिवस आपण बोललो नाही. चहासुद्धा वेगवेगळा. चौथ्या दिवशी तुम्हीच माझा कप घेऊन आलात, आणि मी तडजोड काढली. रकाना ठेवू, पण छोटा. "रुग्णाचा आवाज ऐकला" एवढं लिहू आणि पुढे एक चौकोन. ऐकला की खूण करायची. झालं काम. तुम्ही म्हणालात, "चौकोन तं कोनीबी भरते रंजे." आणि सही केलीत. मी जिंकले म्हणून खूश होते. इतकी खूश की त्या दिवशी मी सगळ्यांना समोसे खाऊ घातले. देवा, आता समोसे दिसले की मी ताट बाजूला सारते.

मग तुमचं ऑपरेशन निघालं.

पित्ताच्या पिशवीत खडे. किती महिने दुखणं अंगावर काढलंत? विचारलं की म्हणायचात, गॅस झाला. सोनोग्राफीत सापडल्यावर डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून करू, सकाळी या, संध्याकाळी घरी जा. मेट्रन तुम्हाला स्पेशल खोली देत होत्या. तुम्ही नाही म्हटलंत. आपल्याच वॉर्डात, तीन नंबरच्या खाटेवर, आणि आपलाच कागद. "सगळ्यायले जे, तेच मले."

तो कागद मी भरला. उठल्यापासून तोंडात काय काय टाकलं? तुम्ही म्हणालात, "थुंका गिळला, लिहितं का?" घरी कसे जाणार? "नवरा ऑटो घेऊन येते, त्याची किल्ली मांगू नको, ऑटोवाला बोंबलन." ऑपरेशन छान झालं. तुम्ही चाललात, लघवी झाली, अर्धा कप चहा पोटात टिकला. एकेक खूण मी कशी हौसेने केली, ताई! पाच वाजता तुम्ही ऑटोत बसलात. भाऊजींनी तुमच्या पाठीमागे उशी लावली. ऑटो हलल्यावर तुम्ही मान बाहेर काढून ओरडलात, "उद्या फोन करजो! कागदात हाये!"

हे तुमचे माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द. मी हसून हात हलवला होता.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यात आधी बाकीच्यांना फोन केले. तुम्हाला शेवटी ठेवलं. घरचंच माणूस, म्हटलं, निवांत बोलू. पण तोवर नवा पेशंट आत घ्यायचा होता आणि आतून हाका सुरू झाल्या होत्या. फोन भाऊजींनी उचलला. मी विचारलं, ताई कशा आहेत? म्हणाले, "बरी हाये. पालक निवडून राह्यली." मागे कुकरची शिट्टी झाली. मला हसू आलं. मी म्हटलं, त्यांना म्हणावं आराम करा, आणि फोन ठेवला. आणि पेन उचलून शेवटच्या चौकोनात खूण केली. रुग्णाचा आवाज ऐकला. एकदाही माझा हात अडखळला नाही. समुद्रपूरची बाई आठवली नाही, आपलं भांडण आठवलं नाही. शकूताई आहेत, काही झालं तर स्वतःच फोन करून मलाच झापतील, असं वाटलं. वाटलं म्हणजे काय, इतकंसुद्धा वाटलं नाही. सवयीने केली.

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही गॅसपाशी उभ्या असताना खाली बसलात आणि परत उठला नाहीत. तुम्हाला आणलं तेव्हा मी ड्युटीवर होते. डॉक्टर म्हणाले, पोटरीत रक्ताची गुठळी झाली असणार, ती वर छातीत गेली. मी तुमची साडी गुडघ्यापर्यंत वर केली. डावा पाय सुजलेला होता. ताई, हजार पेशंटांच्या पोटऱ्या तुम्ही दाबून बघितल्यात. मला शिकवलंत तुम्ही, इथे दाबायचं, दुखतं का विचारायचं, गरम लागते का बघायचं. तुमच्या पोटरीवर मी हात ठेवला तेव्हा ती गार पडायला लागली होती.

डॉक्टरांना मी तीन वेळा विचारलं, आदल्या दिवसांत कळलं असतं तर? पहिल्यांदा ते म्हणाले, सांगता येत नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, कदाचित. तिसऱ्यांदा म्हणाले, सिस्टर, घरी जा आता.

तेरवीला मी तुमच्या घरी, बोरगाव मेघेला आले होते. तुमच्या अंगणात भाऊजी बसले होते, समोर वाडीतून आणलेल्या सांभाराची, कोथिंबिरीची रास, आणि हात आपोआप जुड्या बांधत होते. पाहुणे जेवत होते, आणि हा माणूस सांभार निवडतोय. मला बघून म्हणाले, "या रंजनाबाई." मग खाली बघतच विचारलं, "तुमचा फोन आल्ता नं त्या दिवशी. मी तिच्या हाती देयाले पाह्यजे होता का? तेवढंच मनात येऊन राह्यलं." मी म्हटलं, "नाही हो भाऊजी, तुमचं काय त्यात." एवढंच म्हटलं. माझं काय त्यात, ते गिळून टाकलं. पंगतीत बसून दोन घास खाल्ले आणि निघून आले. तेरा दिवस तो माणूस माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसला होता, आणि मी त्याला तशीच ठेवून परत आले. इतकी भित्री मी आहे हे तुम्हालाही माहीत नसेल.

मग परवाची शोकसभा. ती संपल्यावर मेट्रननी मला आत बोलावलं. म्हणाल्या, ताईंचा कागद आता सगळ्या वॉर्डांत लावायचा ठरलं आहे, त्यांची आठवण म्हणून. फक्त जरा आटोपशीर करा. तो शेवटचा आवाजाचा चौकोन काढून टाकला तरी चालेल, तो सगळ्यांचा भरलेलाच असतो.

सगळ्यांचा भरलेलाच असतो! मी म्हटलं, मॅडम, चौकोन काढा, पण त्याच्या जागी दोन ओळी ठेवा. पेशंट जे बोलेल ते त्याच्या शब्दांत. त्या म्हणाल्या, एवढी जागा, एवढा वेळ? अगदी माझंच म्हणणं, तुमच्याशी भांडतानाचं. मी भांडायला लागले तशा त्या म्हणाल्या, ठीक आहे, काय कारण आहे ते लेखी द्या, एखादा कागद पुराव्याला जोडा.

पुराव्याला एकच कागद आहे, तुमच्या ऑपरेशनचा. तो इतके दिवस माझ्या कपाटात होता. रेकॉर्डवाले दोनदा मागायला आले आणि दोन्ही वेळा मी त्यांच्यावर खेकसले. काल सकाळी तो काढला. तुम्ही शिकवलं तसं केलं. खूण खोडली नाही, गिरवली नाही. तिच्यावर एक सरळ रेघ मारली, खालची खूण दिसेल अशी. बाजूला लिहिलं, आवाज ऐकला नाही. सही केली, तारीख टाकली. त्या एका ओळीत माझं ते चांगलं अक्षर तुमच्यासारखं आलं.

पण ऑफिसात द्यायच्या आधी तो भाऊजींना दाखवायला हवा होता. ड्युटी संपल्यावर सरळ बोरगाव मेघेला गेले. ते अंगणातच होते. मी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. "भाऊजी, फोन तुम्ही द्यायचा नव्हता. मी मागायचा होता. ते माझं काम होतं, कागदात लिहिलेलं आहे, आणि ताईंनीच ते भांडून लिहायला लावलं होतं. पेशंट जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी नाही मागितला आणि तरी त्यांचा आवाज ऐकला असं लिहिलं. तुमची काही चूक नाही. माझी आहे."

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ. मग विचारलं, "काऊन नाई मांगतला पन?"

मी म्हटलं, "आमच्याच होत्या म्हणून."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडावं असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "ती बाजूलेच बसून होती."

मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "तुमचा फोन आला तवा. बाजूलेच, खाटेवर. पालक मीच निवडत होतो, ती नाई. तिनं हातानं मले इशारा केला, सांग बरी हाये मनून. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, अवं, बोलाचं तं होतं. तं मने, तिले अजून किती फोन लावाचे असतीन, तिले कायले खोटी करता. पाय दुखून राह्यला जरासा, पन ते तिले सांगू नका, धावत येईन पोरगी."

शकूताई! काय केलंत हे? मी तिथेच पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले, आणि रडता रडता तुमच्यावर इतकी संतापले, इतकी संतापले की भाऊजी घाबरून पाणी आणायला उठले. सगळ्या जगाच्या बायकांना तुम्ही दम भरायचात, दुखतं ते सांगा, लाजू नका, घरच्यांच्या तोंडून बोलू नका. आणि स्वतः काय केलंत? समुद्रपूरच्या त्या बाईनेसुद्धा एवढं केलं नव्हतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला तर विचारायला मी होते ना! धावत आले असते म्हणे. हो, आले असते. धावत येण्यासाठीच तर तो कागद केला होता आपण. मला कामात खोटी नको, खोळंबा नको म्हणून तुम्ही गप्प बसलात, आणि आता जन्मभर मी कामाला हात लावला की तुमची पोटरी माझ्या हाताला लागते. अशी कुणी माया करतं का?

आणि मी फक्त एवढं म्हटलं असतं, भाऊजी, फोन ताईंकडे द्या. एवढंच वाक्य. तुम्ही हातवारे करून भाऊजींना गप्प केलंत, मला नसतं करता आलं. अकरा वर्षांत तुमच्या हॅलोवरून मला कळायचं, बाईंचा आज घरी वाद झालाय की डोकं दुखतंय. तुम्ही "बरी हाये" म्हणायला तोंड उघडलं असतं आणि मी बॅग उचलली असती. म्हणूनच तुम्ही फोन घेतला नाहीत. तुम्हालाही ते माहीत होतं.

भाऊजींनी पाणी दिलं. कागद अजून त्यांच्या मांडीवर होता. त्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "तुमी म्हनता का इथं पेशंट काय बोलला ते लिहाचं असते, त्याच्याच शब्दात. मंग लिहा नं. मी सांगतो."

मी म्हटलं, "भाऊजी, ते त्या माझ्याशी नाही बोलल्या."

"तुमच्यासाठीच बोलली. लिहा."

मी पेन काढलं. ते सांगत गेले, एकेक शब्द, सावकाश, चुकू नये म्हणून मध्ये थांबून. तिले अजून किती फोन लावाचे असतीन. तिले कायले खोटी करता. पाय दुखून राह्यला जरासा, पन ते तिले सांगू नका. चौकोनात ते मावणारच नव्हतं. मी समासात लिहीत गेले, खालून वर, कडेकडेने, ताई, आणि जागा पुरली. "धावत येईन पोरगी" सगळ्यात शेवटी आलं. त्याच्या खाली भाऊजींनी सही केली, मग मी केली, आणि तारीख टाकली.